लाओकोऑनचा हात: बाबांच्या चित्रात सरळ, व्हॅटिकनमध्ये वाकलेला

रेघोटी

आमच्या बैठकीच्या खोलीत पेन्सिलीने काढलेलं एक मोठं चित्र आहे. 1974 सालचं, माझ्या जन्माच्या आधीचं. बाबा शाळेत चित्रकला शिकवायचे. एका जुन्या पुस्तकातल्या, प्राचीन संगमरवरी मूर्तीच्या पानभर कृष्णधवल छायाचित्रावरून त्यांनी ते रात्री जागून काढलं होतं. मध्ये दाढीवाला धिप्पाड पुरुष, दोन्ही बाजूंना त्याचे दोन मुलगे आणि तिघांना विळखे घालणारे दोन साप. पुरुषाचा उजवा हात सरळ वर गेलेला, साप मुठीत घट्ट धरलेला. लहानपणी मला ते कालियामर्दन वाटायचं आणि बासरी कुठे गेली असं मी विचारायचे. मग बाबांनी लाओकोऑनची गोष्ट सांगितली.

यंदा एप्रिलमध्ये रोमला जाणं झालं. व्हॅटिकनच्या संग्रहालयात एक अष्टकोनी चौक आहे, तिथल्या एका कोनाड्यात ही मूर्ती आहे. गर्दी एवढी की आधी लोकांचे वर धरलेले मोबाइलच दिसले. पुढे सरकले, मूर्ती दिसली आणि तोंडातून निघालंच, "हात चुकलाय." वर ताठ गेलेला हात नव्हताच. कोपरातून दुमडलेला हात डोक्यामागे गेलेला, आणि पंजा तुटलेला. चाळीस वर्षं पाहिलेली मूर्ती समोर होती, पण ओळखीची वाटेना.

गाइडकडे वेळ नव्हता, म्हणून परत आल्यावर वाचत बसले. थोडक्यात सांगते.

14 जानेवारी 1506 रोजी रोममध्ये एस्क्विलिन टेकडीच्या बाजूला, फेलिचे दे फ्रेदिस नावाच्या माणसाच्या द्राक्षमळ्यात ही मूर्ती जमिनीखाली सापडली. पोप दुसरा ज्युलियस याने वास्तुविशारद जुलियानो दा सांगालो याला पाहायला पाठवलं. सोबत मायकेलअँजेलो होता. सांगालोचा लहान मुलगा बापाच्या खांद्यावर बसून गेला होता. म्हातारपणी, 1567 मध्ये, त्याने पत्रात लिहून ठेवलंय की खड्ड्यात नजर टाकताच वडील म्हणाले, हा तर प्लिनीने लिहिलेला लाओकोऑन! प्लिनी म्हणजे इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गेलेला रोमन लेखक. सम्राट टायटसच्या राजवाड्यात ही मूर्ती आहे आणि ती चित्र व शिल्प या दोन्ही कलांमधल्या कुठल्याही कृतीपेक्षा सरस आहे, असं त्याने लिहिलं होतं. चौदाशेहून अधिक वर्षं फक्त वाचलेली वस्तू मातीतून डोकं वर काढते म्हणजे काय, याचा विचार मी अजून करतेय.

सापडली तेव्हा बापाचा उजवा हात नव्हता. धाकट्याचा उजवा हात आणि थोरल्याच्या उजव्या हाताचा पंजाही नव्हता. मूळ हात कसा असेल यावर वाद सुरू झाले. वास्तुविशारद ब्रामान्तेने शिल्पकारांकडून मेणाच्या प्रती करवल्या, चित्रकार राफाएलने परीक्षण केलं आणि तरुण शिल्पकार सान्सोविनोची प्रत निवडली. पुढे 1532 मध्ये मायकेलअँजेलोचा शिष्य मोन्तोर्सोली याने सरळ वर जाणारा हात जोडला. गुरूचं मत मात्र हात मागे वळलेला असावा असं होतं, असं सांगतात. तो सरळ हातच लोकांनी पुढची चारशे वर्षं पाहिला. प्लॅस्टरच्या प्रती, कोरीव छापे, पुस्तकं, सगळीकडे तोच. बाबांच्या पुस्तकातही.

मग 1906 च्या सुमारास लुडविग पोलाक या पुरातत्त्वज्ञाला रोममध्ये एका पाथरवटाच्या कामाच्या जागी एक संगमरवरी हात दिसला. कोपरात दुमडलेला, पंजा नसलेला, सापाच्या विळख्याचा तुकडा चिकटलेला. त्याने तो ओळखला आणि व्हॅटिकनला देऊन टाकला. पण हात मापाने जरा लहान वाटत होता, म्हणून दुसऱ्या एखाद्या प्रतीचा असेल असं धरून तो कित्येक वर्षं बाजूलाच राहिला. 1957 ते 1960 या काळात पुरातत्त्वज्ञ फिलिप्पो माजी यांनी जुने जोड काढले आणि हा हात लावून पाहिला. हातातलं छिद्र आणि खांद्यातलं छिद्र एका रेषेत आलं.

हात बदलला आणि गोष्टच बदलली, असं मला वाटतं. सरळ हात असलेला माणूस अजून लढतोय. दुमडलेल्या हातात तेवढी ताकद उरलेली नाही. साप त्याला मागे खेचतोय आणि तो ते थांबवू शकत नाही. तुम्हाला कोणता लाओकोऑन खरा वाटतो? आणि बाबांना हे कसं सांगू? ते आता 79 वर्षांचे आहेत आणि ते चित्र त्यांच्या हातचं सगळ्यात आवडतं आहे.

---

दुर्वांकुर

फार सुंदर लिहिलंयस गं. पण आमच्यासारख्यांना लाओकोऑनची गोष्ट माहीत नाही, तीही सांग ना. साप का आले? मुलांनी काय केलं होतं?

---

रेघोटी

@दुर्वांकुर, मुलांनी काहीच केलं नव्हतं.

ट्रॉयला दहा वर्षं वेढा घालून बसलेले ग्रीक एके दिवशी निघून गेल्याचं नाटक करतात आणि किनाऱ्यावर लाकडी घोडा सोडून जातात. लाओकोऑन हा ट्रॉयचा पुरोहित. तो जीव तोडून सांगतो की घोडा आत घेऊ नका, ग्रीक भेटवस्तू घेऊन आले तरी मला त्यांची भीती वाटते. तो घोड्याच्या पोटावर भाला फेकतो, पोकळ आवाज येतो. पुढे तो समुद्रदेवाच्या वेदीवर बैल बळी देत असताना समुद्रातून दोन साप येतात, आधी मुलांना धरतात, मग सोडवायला धावलेल्या बापाला. लोक समजतात की घोड्याचा अपमान केला म्हणून देवाने शिक्षा दिली. घोडा आत येतो, आणि ट्रॉय संपतं.

ही रोमन कवी व्हर्जिलने सांगितलेली गोष्ट. त्याच्या आधीच्या ग्रीक परंपरेत गोष्टीचे वेगवेगळे पाठ होते. एकात बाप आणि एकच मुलगा मरतो. दुसऱ्यात लाओकोऑनने देवाच्या मूर्तीसमोर पत्नीशी संग केला म्हणून हा कोप होतो. म्हणजे एका पाठात तो खरं बोलला म्हणून मेला, दुसऱ्यात पाप केलं म्हणून. मूर्तीत यातलं काहीच लिहिलेलं नाही. मूर्तीत फक्त साप आहेत.

मूर्तीतल्या थोरल्याकडे नीट बघा, आपल्या उजव्या हाताचा. त्याच्या घोट्याला सापाचा एकच वेढा आहे आणि तो हाताने तो खाली सरकवतोय, आपण अडकलेली चप्पल काढतो तसा. तो सुटू शकतो. पण त्याचं लक्ष पायाकडे नाही, मान वळवून तो बापाकडे बघतोय. व्हॅटिकनमध्ये मी सगळ्यात जास्त वेळ त्या मुलाकडे पाहत होते.

---

टाकीवाला

मी दगडाच्या कामातला माणूस. आमच्याकडे मकराण्याचा संगमरवर येतो, देवळांसाठी मूर्ती होतात. रेघोटीताईंचा धागा वाचून दोन रात्री या मूर्तीचे फोटो मोठे करून बघितले. मला जे दिसलं ते लिहितो.

प्लिनीने म्हटलंय की मूर्ती एकाच दगडातून केली आहे. तसं नाही. सापडल्या सापडल्याच मायकेलअँजेलो आणि आणखी एका शिल्पकाराने तपासून सांगितलं होतं की तुकडे जोडलेले आहेत. आज सात तुकडे धरतात. पण सांधे अशा जागी लपवले आहेत की प्लिनी फसला यात नवल नाही. सापाचा विळखा जिथून जातो तिथे सांधा दडवणं सोपं जातं. साप हा त्या कारागिरांचा मोठा आधार आहे, गोष्टीतही आणि दगडातही. तिघांना एकमेकांशी बांधतो, वजन पेलतो, मधल्या पोकळीवरून पूल बांधतो.

संगमरवराचा स्वभाव समजून घ्या. वरून दाब द्या, पेलेल. पण लांब काढलेला भाग आधाराशिवाय सोडला की मुळाशी ताण येतो आणि तिथेच तडकतो. ब्राँझला ही अडचण नाही, आत पोकळ, वजनाला हलकं. म्हणूनच ब्राँझवरून केलेल्या संगमरवरी प्रतींमध्ये पायाशी झाडाचं खोड दिसतं, मांडी आणि मनगट यांच्यामध्ये दगडाची दांडी ठेवलेली दिसते. इथे वेगळं खोड नाही, वेदी आणि साप तेच काम करतात. आमच्यातला कोणीही जाणता माणूस एवढा जड हात ताठ वर काढायच्या आधी दहादा विचार करेल. दुमडून डोक्याजवळ आणलेला हात सुरक्षित असतो. मला तरी वाकलेला हात कारागिराच्या डोक्यातून आलेला वाटतो.

केस आणि दाढी बघा. बटांच्या मधली खोल काळी जागा छिन्नीने होत नाही. गिरमिटाने ओळीने भोकं पाडायची आणि मधल्या भिंती फोडून काढायच्या. हात जरा जोरात पडला की बट निखळते. तिघांच्या डोक्यांवर हे काम केलंय. किती दिवस लागले असतील याचा हिशोब मी माझ्या कामावरून करून बघितला आणि सोडून दिला.

---

मावळतवारा

बर्लिनहून लिहितोय. धागा वाचून राहवलं नाही.

मायकेलअँजेलोनेच ही मूर्ती करून पुरली, असा दावा 2005 मध्ये एका अमेरिकी अभ्यासक बाईंनी केला होता, तो पुन्हा पुन्हा नेटवर फिरत असतो. इथे कोणी आणण्याआधीच सांगतो की तो टिकत नाही. कारण स्पेरलोंगा.

रोम आणि नेपल्सच्या मध्ये समुद्रकाठी स्पेरलोंगा नावाचं गाव आहे. तिथे एक मोठी गुहा आहे, सम्राट टायबेरियसच्या वाड्याला लागून. तो तिथे जेवायला बसायचा. इ.स. 26 मध्ये जेवण चालू असताना गुहेचं छत कोसळलं आणि तो थोडक्यात वाचला, असं रोमन इतिहासकार टॅसिटसने लिहिलंय. 1957 मध्ये किनाऱ्याचा रस्ता बांधताना तिथे खोदलं तर संगमरवराचे हजारो तुकडे निघाले. जोडल्यावर ट्रॉयच्या युद्धातल्या ओडिसियस या ग्रीक वीराच्या कथेतले प्रसंग उभे राहिले: एकडोळ्या राक्षस पॉलिफेमसला आंधळा करणारे साथीदार, आणि जहाजावर झडप घालणारी सिला राक्षसी. त्या जहाजावर तीन नावं कोरलेली आहेत. हागेसांद्रोसचा मुलगा आथानादोरोस, पाइओनिओसचा मुलगा हागेसांद्रोस, पॉलिदोरोसचा मुलगा पॉलिदोरोस. प्लिनीने लाओकोऑनचे कर्ते म्हणून रोड्स बेटावरचे जे तीन शिल्पकार दिलेत, त्यांचीच ही नावं. घडणही तीच: खोल कोरलेले केस, मागे फेकलेली डोकी, ताणलेली शरीरं. आणि ते सगळं 1957 पर्यंत जमिनीखाली होतं. मायकेलअँजेलोने ते कुठून पाहिलं असेल? शिवाय पोलाकचा हात आहेच.

वाद आहे तो वेगळ्या गोष्टीचा. स्पेरलोंगामुळे बरेच अभ्यासक मूर्ती इ.स.पू. पहिल्या शतकाचा शेवट ते इ.स. पहिल्या शतकाची सुरुवात या काळातली मानतात. पण शैली त्याहून दीडशे-दोनशे वर्षं जुनी दिसते. इथल्या संग्रहालयातल्या पेर्गामोन या प्राचीन ग्रीक वेदीवर देव आणि दैत्य यांच्या युद्धाचा पट्टा आहे, इ.स.पू. दुसऱ्या शतकातला, सुमारे 113 मीटर लांब. त्यात देवी अथेना एका पंखवाल्या दैत्याचे केस धरून त्याला मागे ओढते. तो आल्किओनेउस. साप त्याच्या छातीला डसतोय, कपाळावर आठ्या, तोंड उघडं, उजवा हात कोपरात दुमडून डोक्याकडे गेलेला. त्याला लाओकोऑनचा सख्खा भाऊ म्हणा. खालून त्याची आई गाइया, म्हणजे भूमी, कमरेपर्यंत वर येऊन अथेनाकडे दयेची याचना करते. मी तिच्यासमोर पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा शत्रूच्या आईलाही तेवढ्याच मायेने घडवणारा माणूस कोण असेल, हेच डोक्यात घोळत होतं.

तेव्हा रोड्सच्या तिघांनी स्वतः रचना केली की जुन्या ब्राँझवरून संगमरवरात आणली, यावर एकमत नाही. टाकीवाले दादांनी जे सांगितलं, की साप दगडाचं वजन पेलतो, ते मला पटलं. ही रचना संगमरवराचा विचार करून केलेली वाटते.

सध्या वेदीचं दालन दुरुस्तीसाठी बंद आहे, येणार असाल तर आधी चौकशी करा.

---

शरीररचना

मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवते. या मूर्तीचं कपाळ मी दरवर्षी वर्गात दाखवते.

दुःखात भुवयांची आतली टोकं वर जातात, तेव्हा कपाळाच्या फक्त मधल्या भागात आडव्या आठ्या पडतात. कडेचा भाग गुळगुळीत राहतो, कारण भुवयांची बाहेरची टोकं त्याच वेळी खाली असतात. लाओकोऑनच्या भुवया अगदी बरोबर आहेत, पण आठ्या या कडेपासून त्या कडेपर्यंत कोरल्या आहेत. जिवंत माणसाला हे दोन्ही एकदम जमत नाही. फ्रेंच वैद्य दुशेन यांनी चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचे हलके झटके देऊन प्रयोग केले होते. त्यांनी 1862 मध्ये ही चूक दाखवली, आणि 1872 मध्ये डार्विननेही तिचा उल्लेख केला.

पण पोट बघा. कमरेच्या डाव्या बाजूला साप डसतोय आणि त्याच क्षणी पोट आत ओढलं गेलंय, बरगड्या वर आल्यात, श्वास अडकलाय. डाव्या पायाचा अंगठाही ताणलेला आहे. हे ज्याने पाहिलं त्याने माणसाला वेदनेत जवळून पाहिलेलं आहे. कपाळाची चूक मी विद्यार्थ्यांना सांगते, पण पोटाकडे बघायला त्याहून जास्त वेळ देते.

---

पंचगंगाकाठ

लाओकोऑन समुद्रदेवाच्या वेदीवर उभा होता असं वाचलं आणि आमचा पोसायडन आठवला!

कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीची टेकडी आहे. 1940 च्या दशकात तिथे ब्राँझच्या वस्तूंचा साठा मिळाला, त्यात समुद्रदेव पोसायडनची छोटी मूर्ती होती. संगमरवर नाही, ब्राँझ, पण तोच देव. सातवाहनांच्या काळात पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांतून रोमशी व्यापार चालायचा, त्यातून ती इथवर आली. आमच्या टाउन हॉल संग्रहालयाची ती सगळ्यात प्रसिद्ध वस्तू. शाळेच्या सहलीत आम्ही काचेला नाक लावून बघायचो. समुद्र इथून कितीतरी लांब आणि समुद्राचा देव पंचगंगेच्या काठी!

आणखी एक. ब्रिटिश म्युझियममध्ये गांधार शैलीचा एक कोरीव दगड आहे. काळसर दगड, संगमरवर नव्हे. त्यात चाकांवरचा घोडा आहे, एक माणूस त्याच्या छातीवर भाला रोखून उभा आहे आणि मागे दारात एक स्त्री दोन्ही हात वर करून थांबवू पाहते. तो लाओकोऑन आणि ती ट्रॉयची राजकन्या कसांड्रा, असं मानतात. तिचा पेहराव मात्र आपल्याकडचा वाटतो. आताच्या पाकिस्तानातल्या मर्दानच्या परिसरात, बौद्ध विहारांच्या मुलखात, कुणीतरी ही गोष्ट ऐकली आणि आपल्या दगडात घडवली.

---

दुर्वांकुर

गोष्ट कळली, आता मत देते. मला सरळ हातच आवडतो. माणूस हरणार हे माहीत असूनही हात वर उचलतो, त्यात काहीतरी आहे. चारशे वर्षं लोकांना तोच भावला असेल तर ते सगळे चुकले असं कसं म्हणायचं?

---

मावळतवारा

@दुर्वांकुर, चुकले असं कोणी म्हणू नये. पण एक बघा. जर्मनीत कलेचा अभ्यासक विंकेलमानने 1755 मध्ये याच मूर्तीत उदात्त साधेपणा आणि शांत भव्यता पाहिली: एवढ्या यातनेतही तो किंचाळत नाही, नुसता उसासा टाकतो. 1766 मध्ये नाटककार लेसिंगने त्याला उत्तर दिलं. व्हर्जिलचा लाओकोऑन जखमी बैलासारखा हंबरतो, मग दगडातला का नाही, तर शिल्पाला आणि काव्याला वेगवेगळे नियम असतात म्हणून. युरोपातली कलेची अर्धी चर्चा या वादातून वाढली. आणि ही सगळी मंडळी सरळ हात असलेला लाओकोऑन बघत होती. धीरोदात्त नायक त्यांना दिसला, त्यात मोन्तोर्सोलीच्या हाताचा वाटा किती आणि रोड्सच्या शिल्पकारांचा किती? म्हणून मूळ हात परत लागणं मला गरजेचं वाटतं.

---

टाकीवाला

एक शंका मनात आहे. मोन्तोर्सोलीचा हातही एका कारागिराने जीव ओतून केलेला होता. तोही आता जवळपास पाचशे वर्षांचा झाला. तो काढताना काढणाऱ्याचा हात थरथरला असेल. मला विचाराल तर मूळ तुकडा सापडल्यावर त्याची जागा त्यालाच द्यायची, पण जुना जोडही जपून ठेवायचा. आमच्याकडे जीर्णोद्धारात जुनी खंडित मूर्ती सरळ पाण्यात सोडतात. त्या मूर्तीवर ज्याने टाकी चालवली त्याचं नावही मग कुठे राहत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

---

रेघोटी

सगळ्यांचे मनापासून आभार. कोल्हापूरला जाणार, नक्की.

पोलाकबद्दल एक लिहायचं राहिलं होतं. तो प्रागचा, ज्यू. रोममध्ये आयुष्य गेलं, तिथल्या बाराक्को संग्रहालयाचा तो संचालक होता. ऑक्टोबर 1943 मध्ये जर्मन सैन्याने रोममधल्या ज्यूंना घराघरांतून उचललं, त्यात तो आणि त्याचं कुटुंबही होतं. त्यांना आउश्वित्झला नेलं आणि तिथेच ते मारले गेले. त्याने दिलेला हात मूर्तीला लागला तो त्यानंतर चौदा ते सतरा वर्षांनी. त्याला ते बघायला मिळालं नाही. कोनाड्यासमोर उभी होते तेव्हा मला त्याचं नावही माहीत नव्हतं.

---

रेघोटी

काल बाबांना सांगितलं. आधी हा धागा वाचून दाखवला, मग फोनवर व्हॅटिकनमधला माझा फोटो मोठा करून दिला.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, चित्र खाली काढ. भिंतीवरून काढून टेबलावर ठेवलं, काच पुसली. त्यांनी चष्मा वर केला आणि बोट उजव्या खांद्यावर, काखेपाशी ठेवलं. तिथे पेन्सिलीची सावली बाकीच्या चित्रापेक्षा गडद आहे. चाळीस वर्षांत माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

"इथे मला जमत नव्हतं," ते म्हणाले. "छाती एक सांगत होती आणि हात दुसरंच. तीनदा खोडलं. कागद खरवडला गेला, बघ. मला वाटलं माझंच चुकतंय, म्हणून सावली घालून झाकलं."

मी चित्र तिरपं करून उजेडात धरलं. कागदाचा पापुद्रा खरंच तिथे उचललेला आहे.

@शरीररचना, त्यांनी तुमच्यासाठी विचारायला सांगितलंय: हात सरळ वर नेला तर छातीचा मोठा स्नायू खांद्याकडे किती ओढला जातो, आणि दुमडून मागे नेला तर किती? जमल्यास एखादी आकृती द्याल का? कपाट उघडून त्यांनी 4बी पेन्सिल काढून ठेवली आहे.